उजनीतली होडी आणि धोक्याचा गजर : मोफत मिळणारे सॉफ्टवेअर काय सांगते, काय सांगत नाही

21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात उलटली. अचानक वादळी वारा सुटला आणि काही क्षणांत सारे संपले. सहा जणांचा जीव गेला. त्यात दोन लहान मुले होती. एक जण पोहत काठावर आला म्हणून निदान खबर तरी लागली.

बारामती-इंदापूरकडच्या आपल्या घरांना हे पाणी परके नाही. पलीकडे कुणाचे सासर आहे, कुणाची रिश्तेदारी आहे. कुणी लग्नाला, कुणी उरुसाला, कुणी कामधंद्याला जातो. रस्त्याने मोठा वळसा पडतो, होडीने थोडक्यात काम होते. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी बघायला मुलाबाळांसह होडीत बसणारेही खूप आहेत. म्हणून होडीला धोक्याची सूचना आधी कशी मिळू शकते, हे आपल्या घरांत माहीत असायला हवे असे आम्हाला वाटते.

ओपन-सोर्स म्हणजे काय?

जगभरातले छोट्या बोटींचे चालक ‘ओपनसीपीएन’ नावाचे सॉफ्टवेअर वापरतात. ते ओपन-सोर्स आहे, म्हणजे त्याची आतली सगळी मांडणी कुणालाही वाचता येते, सुधारता येते. स्वयंसेवकांनी मिळून ते घडवले आहे. शेजारणीने बिर्याणीची कृती लपवून न ठेवता सगळ्या मोहल्ल्याला द्यावी आणि प्रत्येकीने आपापली सुधारणा परत तिला सांगावी, तसाच हा प्रकार. संगणकावर ते मोफत मिळते. लॅपटॉपला जीपीएसचे छोटे उपकरण जोडले की नकाशावर आपली होडी कुठे आहे ते दिसते.

पण नकाशा बघायला नावाड्याला सवड कुठे असते? त्याचे डोळे पाण्यावर, हात सुकाणूवर. म्हणून खरे महत्त्व गजराचे. स्क्रीनकडे कुणाचे लक्ष नसतानाही जो वाजतो, तो गजर.

कोणते गजर असतात?

*नांगराचा गजर.* होडी नांगर टाकून उभी असते तेव्हा तिच्याभोवती नकाशावर एक वर्तुळ ठरवून देतात. वाऱ्याने नांगर घसरला आणि होडी वर्तुळाबाहेर गेली की भोंगा वाजतो. रात्री जाळी टाकून होडीतच झोपणाऱ्या मच्छीमाराला याचा उपयोग आहे. वर्तुळ मात्र विचार करून आखावे लागते. दोरीच्या लांबीइतकी होडी मुळातच फिरते. शिवाय जीपीएसने दाखवलेली जागा काही मीटर मागेपुढे होते. वर्तुळ दहा मीटरचे केले तर रात्रभर उगाच भोंगा, आणि दोनशेचे केले तर होडी काठावर आपटल्यावर भोंगा.

*धडकेचा गजर.* मोठी जहाजे आपले नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत कळवत असतात. या पद्धतीला एआयएस म्हणतात. सॉफ्टवेअर त्यावरून दोन गोष्टी काढते : दोघे एकमेकांच्या किती जवळ येणार आणि किती वेळाने. हे सातवीच्या गणितासारखेच आहे. एक होडी ताशी 6 किलोमीटरने येते आहे, समोरची 9 ने. मिळून अंतर ताशी 15 किलोमीटरने घटते, म्हणजे मिनिटाला 250 मीटर. एक किलोमीटरवर असतील तर हातात फक्त चार मिनिटे. आपण ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अंतर आणि वेळ कमी होणार असे दिसले की गजर वाजतो.

*माणूस पडल्याची खूण.* कुणी पाण्यात पडले तर एका बटणाने ती जागा नकाशावर पक्की होते. पाण्यावर खुणेचे झाड नसते, दगड नसतो. दोन मिनिटे पुढे गेल्यावर ‘इथंच कुठंतरी पडला’ एवढेच म्हणता येते. बटण दाबले असेल तर त्या जागेकडे परत जायची दिशा आणि अंतर समोर दिसते.

*पहारेकरी.* ‘वॉचडॉग’ नावाची एक जोडपुरवणी आहे. तिच्यात वाऱ्याचा, खोलीचा, वेगाचा, दिशा भरकटल्याचा, हवेचा दाब झपाट्याने उतरल्याचा असे वेगवेगळे गजर लावता येतात. एक गजर चालकासाठीच आहे : ठरावीक वेळात त्याने संगणकाला हातच लावला नाही, तर तो झोपला किंवा बेशुद्ध पडला असे धरून भोंगा वाजतो. आपण आखलेल्या हद्दीत होडी शिरली की सूचना देणाराही एक गजर आहे.

उजनीत हे चालेल का?

इथे साफ बोलायला हवे. हे सॉफ्टवेअर मुख्यतः समुद्रासाठी तयार झाले आहे. धडकेचा गजर फक्त एआयएस असलेल्या जहाजांना ओळखतो. आपल्याकडच्या लाकडी-पत्र्याच्या होड्या त्याला दिसणारच नाहीत. वारा आणि खोली मोजायला होडीवर वेगळी उपकरणे लागतात, ती नसतील तर ते गजर मुके. आणि उजनीचा तळ समुद्राच्या नकाशांत सापडणार नाही.

शिवाय हे पाणी दर महिन्याला वेगळे असते. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. 2024 च्या उन्हाळ्यात पातळी उणेमध्ये गेली होती. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, आणि बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे पाण्याच्या पातळीलगत येतात. दिवाळीत जिथून होडी सुखरूप गेली तिथेच मे महिन्यात ती अडकू शकते.

तरीही दोन गोष्टी इथे उपयोगी आहेत. अशा धोक्याच्या जागांभोवती स्वतः हद्द आखून गजर लावता येतो, आणि माणूस पडल्याची खूण करता येते. बारामतीत संगणक आणि अभियांत्रिकी शिकणारी आपली मुले-मुली आहेत. भिगवण-कळाशीच्या जुन्या नावाड्यांना सोबत घेऊन धोक्याच्या जागांची नोंद करणे, हा एखाद्या गटासाठी चांगला प्रकल्प होईल. पाण्याची माहिती नावाड्याकडे आहे, संगणकाची मुलांकडे. दोघे एकत्र बसले तर कामाची गोष्ट बनेल.

वाऱ्याची खबर आधी

कुगावची बोट कुणाला धडकली नव्हती, खडकावर चढली नव्हती. तिला वाऱ्याने गाठले. वळवाचा वारा दुपारनंतर सुटतो, रुंद पाण्यावर त्याला अडवायला काही नसते आणि बघता बघता लाटा उठतात. लाट बाजूने बसली आणि घाबरून सगळे एका अंगाला सरकले की छोटी होडी कलंडते. होडी मध्यावर असताना वाजलेला वाऱ्याचा गजर फार तर काही मिनिटे देतो. खरी सूचना काठावर असतानाच हवी.

ती साध्या मोबाइलवर मिळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्या आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडण्याची सूचना देते. वीज जवळ आहे म्हणजे वादळी ढग जवळ आहे, आणि त्याच्यासोबत वारा येणारच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ अ‍ॅप अधिकृत इशारे देते. होडीत पाय टाकण्याआधी ही दोन अ‍ॅप बघायला एक मिनिट लागते.

गजर बंद करू नका

रमजानमध्ये सहरीचा गजर हातानेच बंद करून परत झोपलेले आपल्यातले कितीतरी जण निघतील. होडीवरही हेच होते. गजर उगाच वाजत राहिला की माणूस वैतागून आवाजच बंद करतो, आणि मग खरा धोका येतो तेव्हा शांतता असते. म्हणून थोडेच पण कामाचे गजर ठेवावेत, निघण्यापूर्वी एकदा वाजवून बघावेत आणि बॅटरी भरलेली असावी. ओपनसीपीएन सुरू करताना ते स्वतःच बजावते की केवळ माझ्या भरवशावर होडी चालवू नका. ही सूचना न वाचता ‘मान्य’ दाबू नये.

कोणताही गजर माणसाला तरंगवत नाही. ते काम लाइफ जॅकेटचे. तेही अंगात घालून बंद बांधलेले हवे, फळीखाली ठेवलेले नव्हे. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेटवेहून एलिफंटाकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि 15 जणांचा जीव गेला. तिथेही लाइफ जॅकेटचा प्रश्न पुढे आलाच.

तेव्हा घरातल्या मोठ्यांनी एवढे ठरवून टाकावे :

- मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर होडीत बसायचे नाही. लोक हसले तरी चालेल.
- दुपारनंतर ढग भरले किंवा दामिनीने इशारा दिला तर मुक्काम करायचा. कार्यक्रमाला उशीर झालेला परवडतो.
- क्षमतेपेक्षा जास्त माणसे, मोटारसायकली भरल्या असतील तर उतरायचे. नावाड्याशी भांडायचे नाही, पण बसायचेही नाही.
- कुठून कुठे, किती वाजता निघालो हे काठावरच्या कुणाला तरी कळवायचे. मदतीसाठी 112 क्रमांक.

काही जण म्हणतात, ‘अल्लाहवर भरोसा आहे, काही होत नाही.’ भरोसा हवाच. पण आपल्या नबींनी ﷺ आधी उंट बांधायला आणि मग तवक्कुल करायला शिकवले, हे आपण मदरशापासून ऐकत आलो आहोत. होडीत बसताना सफरची दुआ पढावी, आणि पढण्याआधी जॅकेटचा बंद बांधावा. कडेवरचे मूल ही अमानत आहे.