भूखंडाचा खरा कांठ

समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास, जमीन येथें संपली व समुद्र सुरू झाला, असें वाटतें. आणि शाळेंतील नकाशाही त्याच्याच म्हणण्यास दुजोरा देतो. भूगर्भशास्त्र मात्र ही रेषा मानीत नाहीं. किनारा ही पाण्याची मर्यादा होय, भूखंडाची नव्हे. बहुतेक किनाऱ्यांपुढें उथळ समुद्राचा एक पट्टा असतो. त्याच्या तळास भूखंडमंच म्हणतात. हा मंच चारपांचशें फूट खोलीपर्यंत मंद उतारानें जातो, आणि तेथून पुढें तळ झपाट्यानें खालीं उतरून महासागराच्या खोल पात्रास मिळतो.

मग भूखंडाचा खरा कांठ कोठें मानावयाचा? पृथ्वीचें खडकाळ कवच भूखंडाखालीं सरासरीनें ३५ ते ४० किलोमीटर जाड असतें, तर महासागराखालीं तें अवघें ६-७ किलोमीटर भरतें. एका प्रकारचें कवच संपून जेथें दुसरें लागतें, तोच खरा कांठ. अडचण इतकीच कीं, तो पाणी व गाळ अशा दुहेरी पडद्याआड असतो. तेथें डोळ्यांचें कांहीं चालत नाहीं. कानांचाच आधार घ्यावा लागतो.

बाजारांत मडकें घेणारी गृहिणी त्यावर टिचकी मारते व आवाजावरून तें पक्कें कीं कच्चें हें ओळखते. भूकंपलहरींची पाहणी ही अशीच एक टिचकी होय. कृत्रिम धक्का द्यावयाचा, आणि त्यापासून निघालेल्या लहरी दूरवर ठेवलेल्या यंत्रांपर्यंत केव्हां पोहोंचतात हें अत्यंत बारकाईनें मोजावयाचें. लहरींचा वेग पदार्थागणिक बदलतो. पाण्यांत तो सेकंदास सुमारें दीड किलोमीटर, सैल गाळांत दोनच्या आसपास, ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकांत सहाच्या जवळपास, आणि कवचाखालच्या प्रावरणांत सुमारें आठ किलोमीटर असतो.

कांहीं लहरी थरांच्या सांध्यावर आपटून प्रतिध्वनीसारख्या परततात. त्यांवरून थरांची रचना उमगते. दुसऱ्या कांहीं लहरी कठीण थरापर्यंत उतरून त्याच्या अंगानें दूरवर धांवतात व मग वर येतात. दोन वाटसरूंपैकीं एक चिखलाच्या शेतांतून सरळ निघाला आणि दुसरा वळसा घेऊन सडकेला लागला, असें समजा. गांव जवळ असेल तर पहिला आधीं पोहोंचेल. पण गांव लांब असेल तर सडकेवरचाच बाजी मारील. खोल थरांतून आलेली लहर किती अंतरापासून पुढें जाऊं लागते, यावरून तो थर किती खोल आहे याचें गणित मांडतां येतें. झाग्रेब येथील मोहोरोविचिच या शास्त्रज्ञानें १९०९ सालच्या एका भूकंपाच्या नोंदींवरून याच रीतीनें कवचाचा तळ हुडकून काढला.

ही रीत समुद्रावर नेण्याचें श्रेय बव्हंशीं मॉरिस यूइंग या अमेरिकन पदार्थविज्ञानज्ञाकडे जातें. त्या काळीं भूखंडमंचाविषयीं दोन मतें होतीं. लाटांनीं कठीण खडक तासून ही पायरी घडविली, असें एक; नद्यांनीं वाहून आणलेल्या गाळाची ही रास आहे, असें दुसरें. १९३४ सालीं रिचर्ड फील्ड व विल्यम बोवी या दोघां भूशास्त्रज्ञांनीं हा वाद तडीस नेण्याची विनंती यूइंगला केली. १९३५ सालीं व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापुढें ‘अटलांटिस’ या शिडाच्या जहाजावरून काम झालें. तळाशीं यंत्रें सोडलीं, सुरुंग उडविले आणि वेळा टिपल्या. जमिनीवर आंतल्या भागांत जो कठीण खडक उघडा दिसतो, तोच समुद्राकडे उतरत जाऊन मंचाच्या कडेजवळ सुमारें १२ हजार फूट खोल गेला होता. त्यावर सारा गाळच होता. दुसरें मत खरें ठरलें.

आतां सुरुंगांची जागा दाबलेल्या हवेच्या तोफांनीं घेतली आहे. जहाजामागें कित्येक किलोमीटर लांबीची, ध्वनिग्राहकांनीं भरलेली दोरी ओढली जाते. तळावर सोडलेलीं यंत्रें नोंद करून, वजन टाकून, आपोआप वर येतात. या आवाजाचा देवमाशांना उपद्रव होतो, म्हणून पुष्कळ ठिकाणीं आरंभ हलक्या आवाजानें करण्याचा दंडक आहे. अशा पाहणीवरून कळलें कीं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुढें भूखंडाचें कवच ताणून पातळ झालें आहे, आणि त्याच्या कडेशीं थिजलेल्या लाव्हारसाचे प्रचंड थर आहेत. सुमारें २० कोटि वर्षांपूर्वीं आफ्रिका व अमेरिका एकमेकींपासून विलग होऊं लागल्या, त्याची ही खूण होय.

हें ज्ञान केवळ पंडितांच्या चर्चेपुरतें नाहीं. ताणलेल्या कवचावर सांचलेल्या जाड गाळांतच पुष्कळदां खनिज तेल सांपडतें. मुंबईपुढील समुद्रांत १९६० नंतरच्या दशकांत एका रशियन जहाजानें अशीच पाहणी केली, आणि १९७४ सालीं ‘सागर सम्राट’नें तेथें भोंक पाडतांच ‘बॉम्बे हाय’चें तेल लागलें.

राष्ट्रांचे हक्कही आतां या लहरींवर ठरतात. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी करारानें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ किनारी राष्ट्राचा मानला आहे. त्यापलीकडे हक्क सांगण्याची एक कसोटी अशी कीं, उताराच्या पायथ्यापासून जितकें अंतर, त्याच्या निदान शंभराव्या हिश्शाइतकी गाळाची जाडी तेथें असावी. म्हणजे १०० किलोमीटरवर निदान एक किलोमीटर गाळ हवा. भारतानें आपला असा दावा २००९ सालीं आयोगापुढें मांडला.

जेथें कोणी कुंपण घालूं शकत नाहीं आणि जें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, अशा तळाची शीव सेकंदांच्या बारीकशा अंशांवरून ठरावी, हें मडक्यावरच्या टिचकीचेंच थोर रूप होय.