सौर पॅनेलवर चालणारी व्हीलचेअर: नंदुरबारच्या उन्हाचा हिशोब

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर वीज गेली की इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरणारा माणूस घरातच अडकतो. म्हणून तिचं चार्जिंग सौरऊर्जेवर करणं ही हौस नाही, गरज आहे, आणि ते जमण्यासारखं आहे. साध्या खुर्चीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या 35 अँपिअर-अवरच्या धरल्या तर साठा 840 वॅट-अवर होतो. रोज निम्मा वापरला, तरी चार्जिंगमधली गळती धरून साधारण 550 वॅट-अवर लागतात. छपरावरचं 335 वॅटचं एकच पॅनेल कडक उन्हात दिवसाला हजाराच्या वर देतं.

मग पॅनेल खुर्चीच्याच डोक्यावर का नको? तिथे मावतं जेमतेम 50 वॅटचं, त्यात झाडाची सावली आणि घाटातला वारा. पॅनेल घरावरच बरं.

पावसाळ्याचा आक्षेप मात्र खरा आहे. सातपुड्यात ढग बसले की उत्पादन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. त्यासाठी घरात वेगळी साठवण बॅटरी हवी. तीच दिवसभर भरते आणि बाहेरून आलेली खुर्ची रात्री चार्ज करते. खर्च वाढतो, पण हीच बॅटरी दिवा-मोबाइलही चालवते.

पैसे वाचवायचे तर पॅनेल आणि बॅटरीमधल्या चार्ज कंट्रोलरवर वाचवू नका. 24 व्होल्टचा एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर घ्या आणि सेटिंग बॅटरीच्या प्रकारानुसारच ठेवा. जास्त व्होल्टेजने जेल बॅटरी कायमची खराब होते.

तुमच्या बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर कळवा, पॅनेल किती लागेल ते काढून देतो.