जुन्या मोटारीसाठी स्पीडोमीटरचा योग्य गिअर कसा निवडावा

चालक गिअर, चालित गिअर आणि दात्यांचे गुणोत्तर या संकल्पना तुम्ही यंत्रशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकलेल्या असतात. त्यांचा एक लहानसा उपयोग या पाठात पाहू. उदाहरण म्हणून १९६० च्या दशकातील अमेरिकन फोर्ड मस्टँग ही गाडी घेऊ. अशा गाड्या हौसेने जपणारे लोक मागचा ॲक्सल बदलतात, टायर बदलतात, कधी गिअरबॉक्सही बदलतात. त्यानंतर गाडी उत्तम पळते, पण काटा भलताच वेग दाखवू लागतो.

याचे कारण असे की यांत्रिक स्पीडोमीटर गाडीचा वेग मोजतच नाही. त्याला कळतात त्या फक्त केबलच्या फेऱ्या. गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर एक छोटा चालक गिअर असतो. त्याच्याशी जुळणारा प्लॅस्टिकचा चालित गिअर केबल फिरवतो आणि केबल मीटरमधले चुंबक फिरवते. चुंबकाभोवतीच्या धातूच्या वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात, वाटी ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. वाटी जेवढी वळते तेवढा काटा सरकतो. या तत्त्वाचे पेटंट जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतले.

अमेरिकन गाड्यांत रूढ प्रमाण असे, की एक मैल अंतरात केबलच्या १००० फेऱ्या व्हाव्यात. म्हणजे ताशी ६० मैल वेगाला केबल मिनिटाला बरोबर १००० फेरे घेते. टायर, ॲक्सल आणि गिअरची जोडी या तिघांनी मिळून हा आकडा साधायचा असतो. तिघांपैकी एक बदलला की हिशेब मोडतो.

सूत्र सोपे आहे. चाकाच्या प्रतिमैल फेऱ्यांना ॲक्सलच्या गुणोत्तराने गुणले, की आउटपुट शाफ्टच्या प्रतिमैल फेऱ्या मिळतात. त्यांना चालक गिअरच्या दात्यांनी गुणा आणि १००० ने भागा. येणारी संख्या म्हणजे चालित गिअरला हवे असलेले दाते.

समजा, चाक मैलाला ८३० फेरे घेते, ॲक्सलचे गुणोत्तर २.८० आहे आणि चालक गिअरला ७ दाते आहेत. तर ८३० × २.८० × ७ ÷ १००० = १६.२७. अर्थात १६ दात्यांचा गिअर बसवायचा. आता मालकाने उठाव वाढवण्यासाठी ३.५० चा ॲक्सल घातला आणि गिअर तसाच ठेवला. केबल मैलाला सुमारे १२७१ फेरे घेऊ लागते. खरा वेग ६० असताना काटा ७६ वर जातो आणि १०० मैलांच्या प्रवासाची नोंद १२७ मैल होते. काट्याची चूक गाडी थांबली की संपते, पण ओडोमीटरची चूक साठत जाते. तेलबदलाचा हिशेब चुकतो, प्रतिगॅलन मैलांचा आकडा खोटा येतो, आणि गाडी विकताना ग्राहकाला न चाललेले मैल दाखवले जातात. नव्या ॲक्सलसाठी सूत्र २०.३३ असे उत्तर देते.

पण २०.३३ दाते कापता येत नाहीत! २० दाते घेतल्यास केबल मैलाला १०१७ फेरे घेईल, म्हणजे मीटर १.७ टक्के जास्त दाखवील. २१ घेतल्यास ९६८ फेरे होतील, म्हणजे ३.२ टक्के कमी. इथे २० जवळचाही आहे आणि सुरक्षितही. दोन्ही बाजूंची चूक सारखीच असेल तेव्हा मात्र जास्त दाखवणारा गिअर निवडावा, असे माझे मत आहे. मीटर कमी दाखवत असेल तर चालक नकळत वेगमर्यादा ओलांडतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ मध्येही हाच विचार आहे: दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चालित गिअरचे दाते वाढवले की केबल हळू फिरते आणि काटा खाली येतो. परीक्षेत आणि गॅरेजमध्येही पुष्कळांची गल्लत इथेच होते.

सूत्रात घालायच्या संख्या खऱ्या असाव्यात. टायरचा व्यास टेपने मोजून त्याला पायने गुणण्याचा मोह होतो, पण गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो. आपल्या उदाहरणातल्या टायरचा व्यास ६३.५ सेंटिमीटर असेल, तर या रीतीने मैलाला ८०७ फेरे येतात. त्याऐवजी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, हवेचा दाब नेहमीचा ठेवा, चालकाला आत बसवा आणि गाडी सरळ ढकलत चाकाच्या दहा फेऱ्या पूर्ण करा. अंतर १९.३९ मीटर भरले, तर १६०९.३४ ला १.९३९ ने भागून ८३० येतात. फरक जवळजवळ तीन टक्क्यांचा आहे. ८०७ धरून चालणाऱ्याला २० दात्यांवर मीटर थोडे कमी दाखवील असे वाटेल, प्रत्यक्षात ते जास्त दाखवील.

ॲक्सलचे गुणोत्तर त्याच्यावरच्या पत्र्याच्या चिठ्ठीवर असते, पण साठ वर्षांत आतले दातेरी चक्र कोणी बदलले नसेल याची खात्री नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये एक मागचे चाक जमिनीवर ठेवा, दुसरे उचला, जॅक स्टँड लावा, बाकीच्या चाकांना ठोकळे द्या आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. उचललेले चाक बरोबर दोन वेळा फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट साडेतीन फेरे घेत असेल, तर गुणोत्तर ३.५० आहे. दोन वेळा का, हे डिफरन्शियलच्या पाठावरून स्वतः काढून पाहा.

या सगळ्या मोजमापांना एक आडवाटही आहे, आणि मला ती जास्त आवडते. जुना गिअर तसाच ठेवून ठाऊक असलेल्या अंतरावर गाडी चालवा. अमेरिकेच्या इंटरस्टेट महामार्गांवर मैलाचे खांब असतात, ते उपयोगी पडतात. दहा मैलांत ओडोमीटर १२.७ वाढला आणि बसवलेला गिअर १६ दात्यांचा असेल, तर १६ × १२.७ ÷ १० = २०.३. टायर, ॲक्सल, चालक गिअर यांपैकी काहीच मोजावे लागले नाही.

मात्र ही चाचणी ओडोमीटरवरच करायची, काट्यावर नाही. ओडोमीटर केबलला गिअरांनीच जोडलेला असतो, त्यामुळे तो फेऱ्या मोजण्यात चुकत नाही. काटा चुंबक आणि स्प्रिंगवर अवलंबून असतो. चुंबक वयानुसार क्षीण झाले की काटा कमी दाखवतो. ओडोमीटर बरोबर असून काटा चुकीचा असेल, तर गिअर बदलू नका. तसे केल्यास काटा जागेवर येईल आणि आजवर बरोबर असलेला ओडोमीटर बिघडेल. ते मीटर दुरुस्त करणाऱ्याचे काम आहे. केबल मीटरपासून सोडवून ड्रिलने योग्य दिशेला मिनिटाला १००० फेऱ्यांनी मीटर फिरवले, तर काटा ६० वर यायला हवा; तेवढ्यात निदान होते.

गिअर बदलणे मस्टँगमध्ये सोपे आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या भागावरचा एक बोल्ट आणि पट्टी काढली, की केबलसह चालित गिअर बाहेर येतो. रंगावरून दाते ओळखण्याची पद्धत आहे, पण हातात घेऊन दातेच मोजा. फोर्डचे नेहमीचे चालित गिअर १६ ते २१ दात्यांचे असतात. ॲक्सल ४.११ चा असेल तर ७ दात्यांच्या चालकासाठी २३.९ दाते लागतात, म्हणजे या पल्ल्यात बसणारा गिअर उरत नाही. मग ६ दात्यांचा चालक घ्यावा लागतो. त्यावर गरज २०.५ वर येते आणि २० दात्यांचा गिअर चालतो. पण चालक गिअर मागच्या घराच्या आत शाफ्टवर असतो. त्यासाठी ते घर उघडावे लागते, आणि काही गिअरबॉक्समध्ये हे दाते शाफ्टवरच कापलेले असतात. म्हणून ॲक्सल विकत घेण्याआधीच हे गणित करून ठेवा.

ब्रिटिश गाड्यांत प्रमाण वेगवेगळे असते. स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत १२८० सारखा आकडा छापलेला आढळतो. तो प्रतिमैल केबलच्या फेऱ्यांचा असतो. सूत्रात १००० च्या जागी तो घाला, बाकी रीत तीच.