सहा सेलांचा आवाज

मोहाडीत मोठेबाबांच्या टिनावर उन्हाळ्यात कुरोड्या वाळत आणि बारा महिने टेपचे सेल. सहा मोठे सेल, ओळीनं मांडलेले. दुपारभर तापले की संध्याकाळी ते टेपच्या पाठीत परत जायचे आणि आणखी एखाद-दोन कॅसेटींपुरते तग धरायचे. 'सेल उतरले, टिनावर टाक गा,' हे काम धाकट्याचं, म्हणजे माझं.

मोठेबाबांनी रसायनशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण उपाय खरा होता. साध्या सेलाचा जस्ती डबा झिजतो आणि इलेक्ट्रॉन सोडतो. ते मोटर फिरवून, स्पीकर हलवून, मधल्या कार्बनच्या कांडीवाटे आतल्या काळ्या भुकटीपर्यंत येतात. ही भुकटी मँगनीज डायऑक्साइडची. तिचं काम इलेक्ट्रॉन स्वीकारायचं. पण आतल्या ओलसर खळीतून आयनांची ये-जा संथ चालते. टेप मोठ्यानं लावला की ती मागे पडते, सेलाचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज बसतं. सेल काही वेळ पडून राहिला की आतलं सावरतं, ऊब मिळाली की आयन जरा चपळ होतात. ऊन सेलात नवी वीज भरत नाही, अडकून पडलेली थोडी सोडवतं.

गंमत अशी की ही काळी भुकटी आमच्या शेजारचीच. मोहाडीला लागून तुमसर तालुका, त्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॉईल कंपनीच्या मँगनीज खाणी. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज सेल बनवणाऱ्या उद्योगाला जातं. विद्युत-रासायनिक पद्धतीनं हेच द्रव्य शुद्ध करणारा कारखानाही मॉईलनं तिथे उभारला. टेपवर गाणी ऐकताना आम्हाला याचा पत्ता नव्हता.

अमेरिकेत ज्याला बूमबॉक्स म्हणत, तो आमच्याकडे नुसता 'टेप'. दुकानदार त्याला टू-इन-वन म्हणे, कारण त्यात रेडिओही असे. स्पाइक ली यांच्या १९८९च्या 'डू द राइट थिंग' सिनेमातला रेडिओ रहीम खांद्यावरच्या धुडासाठी एका दमात २० मोठे सेल विकत घेतो. न्यूयॉर्क असो की मोहाडी, या यंत्राची भूक तीच. आणि माझं मत विचाराल तर जुना टेप आणि आजचा ब्लूटूथ स्पीकर यांच्या आवाजातला बराचसा फरक या भुकेतूनच निघतो.

सेल भारी आणि महाग, म्हणून टेप बनवणाऱ्याला थोड्या विजेत मोठा आवाज काढावा लागे. त्यातून त्या काळचा अ‍ॅम्प्लिफायर निम्मी वीज नुसती उष्णतेत घालवायचा. मग उपाय एकच, मोठं खोकं आणि त्यात चार-पाच इंची कागदी कोनाचा हलका स्पीकर. खोक्यावर '५०० वॅट पीएमपीओ' छापलेलं असे, ते सोडून द्या. त्या आकड्याला शास्त्रात काही आधार नाही. खरे वॅट बोटांवर मोजण्याइतके.

सेल उतरू लागले की टेप गाण्यातूनच सांगायचा. फिलिप्सनं १९६३ साली आणलेल्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. हा वेग सुमारे ६ टक्क्यांनी घसरला की गाणं हार्मोनियमवरच्या एका पट्टीनं खाली येतं. प्रल्हाद शिंदे गाता गाता पेंगू लागले की मी निमूटपणे सेल काढायला उठत असे. आजचा स्पीकर अखेरपर्यंत सुरात राहतो, मग एक परकी बाई 'बॅटरी लो' म्हणते आणि सगळं ठप्प. लिथियम सेल फार रिकामा झाला तर कायमचा बिघडतो, म्हणून आतलं सर्किट त्याला वेळीच तोडतं.

टेपचं दुसरं दुखणं हेडचं. १०,००० हर्ट्झचा स्वर त्या फितीवर जेमतेम ४.७६ मायक्रॉन लांबीच्या लाटेत बसतो; केस त्याच्या दहापट तरी जाड. मोनो टेपात हेड फितीची सुमारे दीड मिलिमीटर रुंदी वाचतं. ते पाव अंश जरी कललं, तरी पट्ट्याच्या दोन कडांमध्ये साडेसहा मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे लाटेपेक्षाही जास्त. वरचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गायक गोधडीतून गातोय असं वाटतं. आमचा मेकॅनिक हेडशेजारचा बारीक स्क्रू कान लावून फिरवायचा आणि झांजा खणखणल्या की थांबायचा. त्याच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं.

नव्या स्पीकरात फिरणारं काहीच नाही. ब्लूटूथची रेडिओलहर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलत राहते, म्हणून चार फोन शेजारी असले तरी गाणी एकमेकांत मिसळत नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, त्यामुळे फारच थोडी वीज उष्णतेत जाते. अडचण येते ती ढोलकीपाशी. स्वर एका सप्तकानं खाली न्यायचा आणि जोर तोच ठेवायचा, तर चौपट हवा ढकलावी लागते. पाच इंची कोनापुढे दोन इंची कोनाचं क्षेत्रफळ सहाव्या हिश्शाचं. मग युक्त्या आल्या. दोन्ही टोकांना थरथरणारी रबरी चकती, जिला मुलं बोटं लावून बघतात, ती आतल्या हवेच्या दाबावर डोलते आणि खर्जाला हात देते. आत बसलेली चिप आवाज लहान असताना खर्ज वाढवते, मोठा केला की गुपचूप कापते. काही वेळा तर ६० हर्ट्झचा मूळ स्वर वाजतच नाही. फक्त १२०, १८०, २४० वाजवले जातात आणि खालचा स्वर आपला मेंदू स्वतःच भरतो. चलाखी आहे, पण मला ती आवडते.

यंदा रोवणीला दोन्ही यंत्रं बांधीवर नेली. भाच्यानं स्पीकर बाभळीला टांगला, मी मोठेबाबांचा टेप धुऱ्यावर ठेवला. घरात कोपऱ्यात ठेवलेला तो स्पीकर जमीन हादरवतो, कारण भिंती खर्ज परत फेकतात. बांधीत भिंत कुठली? अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते, आणि खर्ज चिपनं आधीच कापलेला. त्यात भाच्याचा फोन कमरेला पिशवीत. तो पऱ्हे रोवायला वाकून पाठमोरा झाला की गाणं तुटायचं. माणसाचं शरीर बहुतेक पाणी, आणि पाणी या लहरी शोषतं. टेपचा कागदी कोन मधल्या स्वरांत मोकळा, कानही तिथेच तिखट. चार बांध्या पलीकडच्या बायांना त्यातले शब्द कळत होते. स्पीकरचा नुसता ठेका पोचत होता.

टेपात आकाशवाणी नागपूरही लागतं, ५८५ किलोहर्ट्झवर; खोकं जरा फिरवलं की आतल्या फेराइटच्या कांडीला लहर नीट सापडते. स्पीकरात मिडियम वेव्ह नाहीच. रेकॉर्डिंगचं लाल बटणही नाही. माझ्या आजीच्या दळणाच्या ओव्या आज घरात आहेत, त्या कोणीतरी एका दुपारी लाल आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबली म्हणून. मागे कोंबडाही आरवतो.

टेपची मोटर मात्र यंदाच बसली. मेकॅनिकनं कॅसेटच्या खिडकीत ब्लूटूथची प्लेट बसवली, स्पीकर जुनेच ठेवले, आणि सहा सेलांच्या जागी दोन लिथियम सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्टचे, १८ मिलिमीटर जाडीचे. अशा बऱ्याच सेलांत निकेल-कोबाल्टसोबत मँगनीज असतंच. दोन सेल एका कोपऱ्यात मावले, उरलेला कप्पा रिकामा. मोठेबाबा त्यात आता खर्ऱ्याची पुडी ठेवतात आणि झाकण घट्ट बसतंय का ते दोनदा बघतात, मोठ्या आईला दिसू नये म्हणून.