ऊन थांबत नाही

तळ्याकाठी चित्र काढत बसलेला चित्रकार तुम्ही पाहिला असेल. तो भर दुपारी सहसा का दिसत नाही, ठाऊक आहे? सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपे पडते. सावल्या लांब होतात. झाडे, भिंती, पायऱ्या उठून दिसतात. ऊन डोक्यावर आले की तीच जागा सपाट वाटू लागते.

पण हे तिरपे ऊन थांबत नाही. तासाभरात सावली सरकते. म्हणून चित्रकार डोळे किंचित मिटून उजेड कुठे, सावली कुठे, हे आधी पाहतो आणि सावलीच्या जागा पक्क्या करतो. पाने, खिडक्या नंतर! जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड असतो. तो एकदा झाकला गेला की परत मिळणे कठीण. मग दुसरा कागद घ्यायचा, नाहीतर उद्या त्याच वेळी यायचे.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान असेच काम करीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते गावी परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. पण त्यांचे मन रमे ते कोटितीर्थ आणि रंकाळा या तलावांच्या काठी. तीच जागा ते वेगवेगळ्या वेळी रंगवीत. १९३१ साली ते वारले. त्यांची कितीतरी चित्रे नष्ट झाली. उरलेल्यांपैकी काही कोल्हापुरातच, टाउन हॉलच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत. ती पाहायला गेलात, तर सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते पाहा. नंतर त्याच तलावावर जा. चित्र सकाळचे की संध्याकाळचे, ते तुम्हीच सांगू शकाल.