केशराच्या नावाचं गाव

केंब्रिजपासून दक्षिणेला थोडं खाली उतरलं की एसेक्स परगण्यात सॅफ्रन वॉल्डन नावाचं छोटं बाजारपेठेचं गाव लागतं. सॅफ्रन म्हणजे आपलं केशरच! काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतांत फुलतं तेच, जातही तीच. ते ढगाळ इंग्लंडात कसं पोचलं असेल?

1141 मध्ये शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार इथे हलवला गेला. तेव्हा गावाचं नाव चिपिंग वॉल्डन. जुन्या इंग्रजीत चिपिंग म्हणजे बाजारच. मंगळवारी आणि शनिवारी तो आजही भरतो. पुढे केशराची लागवड इतकी वाढली की गावाचं नावच बदललं. कापड रंगवायला, औषधाला, स्वयंपाकाला, सगळीकडे केशर लागे.

ते आलं कसं, याची एक कथा इंग्रज लेखक रिचर्ड हॅकलूटने 1582 मध्ये नोंदवून ठेवली आहे. कुणा यात्रेकरूने आपली काठी आतून पोकळ करून घेतली आणि परदेशातून केशराचा एक कंद तिच्यात लपवून आणला. सापडला असता तर जीव गेला असता. कथा खरी की खोटी, देव जाणे. पण केशराचा स्वभाव मात्र तिला दुजोरा देतो. या झाडाला बी धरतच नाही. जमिनीतल्या कंदाला पिल्लं फुटतात. ती उकरायची, सुटी करायची, पुन्हा लावायची. वाऱ्याने किंवा पाखराने केशर कुठेच पोचत नाही. जिथे आहे तिथे ते माणसाच्या हातूनच गेलेलं असतं. आणि एका कंदातून, पिढ्यान् पिढ्या खपलं तर, अख्खं शिवार उभं राहू शकतं.

खपायचं तरी किती! जांभळ्या फुलात लालभडक काड्या तीनच. शरद ऋतूत, ऊन चढायच्या आत फुलं खुडायची, काड्या वेचायच्या, मंद आचेवर सुकवायच्या. सुमारे दीडशे फुलं वेचली की हाती पडतं एक ग्रॅम.

गावाच्या मानचिन्हात तटबंदीच्या आत केशराची फुलं आहेत. वॉल म्हणजे भिंत, तेव्हा भिंतींच्या आतलं सॅफ्रन ते सॅफ्रन वॉल्डन. कोटी मोठी गोड आहे.

अठरावं शतक सरता सरता बाहेरचं स्वस्त केशर आलं आणि इथली शेतं मोडली. बी नसल्यामुळे बांधावर आपोआप रुजलेलं एखादं रोपही मागे राहिलं नाही. सेंट मेरीज चर्चमधल्या कमानीवर दगडात कोरलेली केशराची फुलं तेवढी टिकली. अलीकडे एसेक्समध्ये पुन्हा केशर लावू लागले आहेत. शरदातल्या सकाळी तिथे पुन्हा कुणीतरी वाकून फुलं खुडतं.