पाणाड्याचा नारळ

चैत्र उलटून विहिरींचे तळ उघडे पडू लागले, की दख्खनच्या शिवारांत पाणाड्याला बोलावणी येऊ लागतात. शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवून तो संथ पावले टाकीत बांधाबांधाने फिरतो; मध्येच एके ठिकाणी नारळ थरथरत उठून उभा राहतो, आणि 'येथे दीडशे फुटांवर दोन इंच पाणी' असा निवाडा देऊन तो तेथे दगड रोवतो. त्या निवाड्याच्या भरवशावर घरातले सोने गहाण पडते आणि बोअरची गाडी शेतात येते. याची चिकित्सा करू गेल्यास समोरून ठरलेले उत्तर मिळते : 'आमच्या पाणाड्याचे दहांतले आठ पॉइंट लागतात.' हे उत्तर निरक्षर माणसाने दिले तर समजता येते. परंतु पदवीधर मंडळीही तेच वाक्य तितक्याच आत्मविश्वासाने ऐकवतात, तेव्हा सहनशीलतेची कसोटी लागते.

प्रथम जमिनीखाली काय आहे ते पाहू. महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, पसरलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. अखंड पाषाणात पाणी मुरायला जवळजवळ वावच नाही. ते असते वरच्या झिजलेल्या मुरुमात, भेगांत, सांध्यांत आणि बारीक पोकळ्या असलेल्या मांजऱ्या खडकात. तेथेही त्याचे प्रमाण बेताचेच : पाण्याने भरलेल्या मुरुमातून उपसता येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के एवढेच भरते. म्हणजे भूगर्भात नदी खळाळते आहे आणि तिचा प्रवाह नेमका त्या दगडाखालून गेला आहे, हे जे चित्र पाणाड्याच्या आणि यजमानाच्या मनात असते, ते आपल्या भूस्तराला लागूच पडत नाही. पाणी थोडे, पण ते बऱ्याच ठिकाणी पसरलेले आहे.

याच ठिकाणी 'दहांतले आठ' या हिशेबाची उकल होते. समजा, एखाद्या शिवारात कोठेही भोक पाडले तरी दहांपैकी सात ठिकाणी थोडेबहुत पाणी लागते. तर तेथे डोळे मिटून दगड फेकणाराही सात वेळा यशस्वी ठरेल, आणि गावात त्याचा लौकिक होईल. शिवाय 'लागले' म्हणजे काय, याचा खुलासा कोणी मागत नाही. दोन इंच सांगितलेले पाणी अर्धा इंच निघाले, किंवा दीडशे फुटांचे अडीचशेवर निघाले, तरी ते यशाच्याच खाती जमा होते. आणि बोअर अगदीच कोरडी गेली, तर 'गाडी हातभर सरकली' हा खुलासा तयार असतो. मुख्य रुजवात तर कोणीच करीत नाही : ज्या जागी नारळ निपचित पडून राहिला, तेथे बोअर घेऊन ती खरोखर कोरडी निघते काय, हे पाहण्यासाठी पदरचे पैसे कोण खर्च करणार?

मग नारळ उठतो कसा? पाणाड्या लबाडच असतो असे मानण्याचे कारण नाही. तळहातावर तोललेला नारळ इतक्या अस्थिर अवस्थेत असतो, की मनगटाच्या वा बोटांच्या नकळत झालेल्या हालचालीनेही तो कलतो, आणि अशी हालचाल मनातल्या अपेक्षेतून, माणसाच्या जाणिवेबाहेर होऊ शकते, हे विल्यम कार्पेंटर याने 1852 मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे याने, भुते मेज फिरवतात अशी ज्यांची श्रद्धा होती, त्यांचे हात आणि मेज यांच्यामध्ये मऊ चिकटद्रव्याने जोडलेले पुठ्ठ्याचे थर घातले. वरचे थर आधी सरकले, मेज मागाहून. म्हणजे मेज फिरवणारे हात त्या प्रामाणिक मंडळींचेच होते.

एवढ्याने ज्यांचे समाधान होणार नाही, त्यांच्यासाठी जर्मनीतील म्युनिकजवळच्या 1987-88 मधील परीक्षेचा दाखला देतो. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावरून दहा मीटरांच्या रेषेत कोठेही सरकवून ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरील पाणाड्याने त्याची जागा सांगायची, अशी ती योजना होती. सुमारे 500 उमेदवारांतून निवडलेल्या 43 जणांच्या 843 चाचण्या झाल्या. काही मोजक्यांपाशी खरी शक्ती आहे, असा दावा प्रयोगकर्त्यांनी केला. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासले, तेव्हा सर्वोत्तम ठरलेल्या पाणाड्याचा फायदाही, दर वेळी रेषेचा मध्यबिंदू सांगत राहणाऱ्याच्या तुलनेत, दहा मीटरांमागे सरासरी 4 मिलिमीटर एवढाच भरला.

'हे आपले प्राचीन शास्त्र आहे' असे म्हणणाऱ्यांनी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील दकार्गल हा अध्याय अवश्य उघडावा. त्याची सारी भिस्त झाडे, वारुळे, मातीचा रंग आणि खडक यांच्या निरीक्षणावर आहे. त्यातली प्रत्येक खूण खरी उतरेल असे नव्हे, परंतु उंबरासारखे झाड ऐन उन्हाळ्यात हिरवे असेल, तर मुळांच्या आवाक्यात ओल असण्याचा संभव आहे, हा तर्क निदान तर्क तरी आहे.

उरलेले समज थोडक्यात. पायाळू माणसाला जमिनीतले पाणी दिसते म्हणतात. सिझेरियनच्या या जमान्यात असे दृष्टिवंत निपजायचे तरी कसे, हा प्रश्न मी समर्थकांवर सोपवतो. खोल जावे तितके पाणी वाढते, हेही चूक : आपल्या पाषाणात खोलीबरोबर भेगा बहुधा मिटत जातात, आणि 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटरांखालच्या विहिरींस उगाच अटकाव केलेला नाही. आपल्या बोअरचा शेजारच्या विहिरीशी संबंध नसतो, ही तर निव्वळ सोयीची समजूत. एकाच मुरुमातले पाणी दोघे उपसतात. आणि यंत्राने पॉइंट काढला म्हणजे पाणी हमखास, हाही भ्रमच. विद्युतरोध मोजून भूस्तराचा अंदाज बांधता येतो, परंतु ओली चिकणमातीही कमीच रोध दाखवते आणि पाणी मात्र सोडत नाही. बोअरला किती पाणी आहे हे वैशाखात सलग काही तास पंप चालवल्यावर कळते.